पट मांडण्याआधीची मांडामांड

महाजालावर बुद्धिबळ खेळणाऱ्यांना 'लिचेस' हे संकेतस्थळ नवे नाही. तेथे जाहिरात नाही, वर्गणी नाही. थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली ते सुरू केले. आज फ्रान्सच्या कायद्याखाली नोंदलेली एक ना-नफा संस्था लोकांच्या देणग्यांवर ते चालविते. त्याची मूळ आज्ञावली, म्हणजेच सोर्स कोड, सर्वांसाठी खुली आहे. ती कोणीही वाचावी, बदलावी, आपल्या संगणकावर चालवून पाहावी. याचा अर्थ असा की, अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याला खेळता खेळता घड्याळाच्या आकड्यांत काही खोट आढळली, तर नुसती तक्रार करून थांबण्याचे त्याला कारण नाही. ती खोट तो स्वतः काढू शकतो आणि त्याचा बदल पसंत पडला, तर जगभरातील खेळाडूंच्या पडद्यावर तो दिसू शकतो.

हे झाले तत्त्व. प्रत्यक्षात असा उत्साही विद्यार्थी शनिवारी सकाळी संगणकासमोर बसतो आणि रविवारी रात्रीपर्यंत त्याला त्या घड्याळाच्या ओळीपर्यंत पोहोचताच येत नाही. त्याचे दोन दिवस खर्च होतात ते निराळ्याच कामात. जावाची नेमकी आवृत्ती हवी, स्काला भाषेची साधने हवीत, नोड हवे, मोंगोडीबी हा डेटाबेस हवा, रेडिस हवे, आणि या सर्वांनी एकमेकांशी बोलायला हवे. खेळाच्या पटावर पहिले प्यादे सरकण्याआधीच ही मांडामांड माणसाला थकवून टाकते. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पांचे खरे नुकसान येथे होते. चुका काढण्याची इच्छा आणि कुवत असलेली माणसे उंबरठ्यावरूनच परत जातात, आणि ती परत गेल्याचे प्रकल्पाला कळतसुद्धा नाही.

या दुखण्यावर गेल्या दशकभरात रुळलेला उपाय म्हणजे कंटेनर. लिचेसच्या स्वयंसेवकांनी 'लिला-डॉकर' या नावाने तो आपल्या प्रकल्पासाठी तयार करून ठेवला आहे. त्याचे काम कसे चालते आणि तो कोठे अपुरा पडतो, हे समजून घेण्याजोगे आहे.

एका चालीचा प्रवास

एक बुद्धिबळाचा खेळ, त्यासाठी एवढा पसारा कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर एका साध्या चालीत दडलेले आहे. आपण पडद्यावर घोडा उचलून दुसऱ्या घरात ठेवतो. ही चाल ब्राउजरमधून वेबसॉकेट नावाच्या सतत उघड्या असलेल्या वाहिनीतून निघते आणि 'लिला-डब्ल्यूएस' या सर्व्हरपाशी येते. त्याचे काम एवढेच की, हजारो खेळाडूंच्या अशा वाहिन्या सांभाळायच्या. तो ती चाल रेडिसच्या हाती देतो. रेडिस हा निरोप्या आहे. तो ती मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचवितो. मुख्य प्रणाली चाल नियमात बसते की नाही ते तपासते, घड्याळातील वेळ वजा करते, डावाची नोंद मोंगोडीबीत करते आणि त्याच वाटेने उत्तर परत धाडते. मग प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर घोडा हलतो. हा सारा प्रवास डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होतो, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही.

तेव्हा घड्याळाच्या वर्तनात एवढासा बदल करून पाहायचा असला, तरी ही सगळी मंडळी एकाच वेळी जागी असावी लागतात. त्यातला एक जरी झोपला तरी घोडा जागचा हलत नाही.

मुख्य प्रणालीचे नाव 'लिला'. लिचेस आणि स्काला या दोन शब्दांची टोके जोडून ते बनविले आहे. मराठी कानाला मात्र त्यात वेगळाच अर्थ ऐकू येतो, आणि खेळाच्या प्रणालीला तो शोभूनही दिसतो.

न्हावाशेवाची पेटी आणि संगणकातील पेटी

कंटेनर हा शब्द मुंबईकरांना सांगण्याची गरज नाही. न्हावाशेव्याच्या रस्त्यावर तासन् तास ज्यांच्या मागे अडकून पडावे लागते, त्याच या पेट्या. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाचे 'आयडियल एक्स' हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले आणि गोदी कामगारांच्या पाठीवरून होणारी मालाची चढउतार इतिहासजमा होऊ लागली. पेटीत आंबे आहेत की यंत्राचे सुटे भाग, याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते. पेटीचे माप ठरलेले, कोपऱ्यांच्या खाचा ठरलेल्या. मग बंदर कोणतेही असो, जहाज कोणतेही असो.

संगणकातील कंटेनरनेही हेच केले. एखादी प्रणाली चालण्यासाठी जे जे लागते, तिच्या फायली, तिची ग्रंथालये, ठरावीक आवृत्तीची साधने, ते सारे एका पेटीत बंद करायचे. पेटी ज्या संगणकावर ठेवाल तेथे ती सारखीच चालावी. यामागची युक्ती नवी नाही. एखाद्या प्रोग्रामला फायलींचा ठरावीक कोपराच दिसावा, अशी सोय युनिक्समध्ये १९७९ पासून आहे. २००० साली फ्रीबीएसडीने 'जेल' ही अधिक बंदिस्त व्यवस्था आणली. कोणत्या प्रोग्रामांच्या गटाला किती मेमरी आणि किती प्रोसेसर मिळावा हे ठरविण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात २००८ साली आली. मात्र ही अवजारे तज्ज्ञांच्याच हातात राहिली. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील सांता क्लारा येथे भरलेल्या पायथॉन परिषदेत डॉटक्लाउड कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी पाचेक मिनिटांच्या भाषणात 'डॉकर' दाखविले, आणि सामान्य प्रोग्रामरला पेलेल असे रूप या तंत्राला मिळाले.

येथे दोन शब्दांची गल्लत होते ती टाळावी. 'इमेज' आणि 'कंटेनर' ही एक वस्तू नव्हे. पेणच्या कारखान्यात गणपतीचा साचा असतो आणि त्यातून मूर्ती निघते. इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे मूर्ती. एका साच्यातून हव्या तितक्या मूर्ती काढता येतात, आणि मूर्ती विसर्जित केली तरी साचा शिल्लक राहतो. कंटेनरबाबत हे विसर्जन रोजचेच असते. काही बिघडले की दुरुस्त करीत न बसता तो मोडायचा आणि साच्यातून नवा काढायचा, ही या पद्धतीची खरी रीत आहे. नवख्यांना प्रथम तीच पचनी पडत नाही.

पूर्ण स्वतंत्र आभासी संगणक, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, त्याहून कंटेनर हलका असतो. कारण तो स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन फिरत नाही. यजमान संगणकाचाच लिनक्स गाभा तो वापरतो. म्हणून तो क्षणार्धात सुरू होतो. याच गोष्टीमुळे काही अडचणीही येतात, त्यांच्याकडे पुढे वळू.

एका आज्ञेत घर उभे राहते

लिचेससाठी एक पेटी पुरत नाही, हे वरील वर्णनावरून लक्षात आले असेल. मुख्य प्रणाली एका पेटीत, लिला-डब्ल्यूएस दुसरीत, मोंगोडीबी तिसरीत, रेडिस चौथीत आणि ब्राउजरकडून आलेल्या मागण्या योग्य दारी वळविणारा द्वारपाल आणखी एका पेटीत. या सर्वांची कुंडली एका साध्या मजकूर-फायलीत लिहिलेली असते. कोणती पेटी कोणत्या साच्यातून काढायची, कोणाचे दार कोठे उघडायचे, कोणाची माहिती कोठे जपून ठेवायची. 'डॉकर कम्पोज' हे साधन ती फाइल वाचते आणि सारे बिऱ्हाड मांडते. माझ्या मते, कंटेनरच्या पद्धतीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पूर्वी ही माहिती एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात असे, नाहीतर कोणी अद्ययावत न केलेल्या टिपणात असे. आता ती फाइलच टिपण आहे. ती चुकीची असेल तर काहीच चालत नाही, त्यामुळे तिला अद्ययावत ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

करावयाची कृती थोडी आहे. संगणकावर गिट आणि डॉकर ही दोन साधने बसवायची. गिटच्या साहाय्याने लिला-डॉकरचे कोठार उतरवून घ्यायचे. त्या फोल्डरमध्ये जाऊन 'स्टार्ट' ही आज्ञा द्यायची. मग ती आज्ञावलीच आपल्याला विचारते की, किमान गरजेपुरत्या सेवा हव्यात की जास्तीच्याही हव्यात. संगणकाविरुद्ध खेळायचे असेल तर स्टॉकफिश, झालेल्या डावाची चिकित्सा हवी असेल तर त्यासाठी वेगळी पेटी, जुने डाव शोधायचे असतील तर शोधयंत्राची पेटी. पहिल्या खेपेला मोह आवरावा आणि किमान सेवांवरच समाधान मानावे, हा अनुभवी मंडळींचा सल्ला रास्त आहे. प्रत्येक पेटी मेमरी खाते. शोधयंत्र तर त्यात विशेष खादाड.

पहिल्या वेळी धीर धरावा लागतो. साचे महाजालावरून उतरतात आणि त्यांचे आकारमान काही गिगाबाइटच्या घरात जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा उद्योग न केलेला बरा. त्यानंतर स्कालातील आज्ञावलीचे यंत्रभाषेकडे रूपांतर सुरू होते. त्यालाही काही मिनिटे लागतात, आणि त्या अवधीत ब्राउजरमध्ये काहीच दिसत नाही. पुष्कळ जण नेमके याच क्षणी काहीतरी बिघडले असे समजून सारे बंद करतात. खरे तर बंद करण्याआधी त्या पेटीच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचावेत. रूपांतर चालू असेल तर तसे तेथे स्पष्ट दिसते.

अखेर आपल्याच संगणकाच्या ८०८० क्रमांकाच्या दारावर लिचेस अवतरते. खोटे खेळाडू, खोटे डाव, खोट्या चर्चा यांची भरही डेटाबेसमध्ये आधीच घातलेली असते, म्हणजे रिकामे घर पाहावे लागत नाही. त्यातील एका खेळाडूच्या नावाने ब्राउजरची एक खिडकी उघडायची, दुसऱ्याच्या नावाने खासगी खिडकी उघडायची आणि स्वतःशीच डाव मांडायचा. घड्याळातील खोट तपासायला दोन्ही बाजूंनी आपणच खेळावे लागते. हरलो तरी मानांकन घटल्याचे दुःख नाही.

आज्ञावली मात्र पेटीत कोंडलेली नसते. ती आपल्या संगणकाच्या नेहमीच्या फोल्डरमध्येच असते आणि पेटीला तेथपर्यंत खिडकी उघडून दिलेली असते. त्यामुळे आपण आपल्या आवडत्या संपादकात ओळ बदलतो आणि पेटीतल्या प्रणालीला ती दिसते. पडद्यावरील भाग बदलला असेल तर त्याची नवी बांधणी लवकर होते. सर्व्हरच्या स्काला भागात हात घातला असेल, तर ती पेटी पुन्हा सुरू करून रूपांतर होईपर्यंत थांबावे लागते.

ठेच लागते ती येथे

सर्वाधिक बळी घेणारा शब्द म्हणजे 'लोकलहोस्ट'. त्याचा अर्थ 'हाच संगणक'. ब्राउजरमध्ये आपण तो लिहितो तेव्हा तो आपला लॅपटॉप असतो. पण पेटीच्या आतून पाहिले तर 'हाच संगणक' म्हणजे ती पेटी. मुख्य प्रणालीला डेटाबेस लोकलहोस्टवर शोधायला सांगितले, तर ती स्वतःच्याच घरात मोंगोडीबी शोधत बसते आणि सापडत नाही म्हणून कोलमडते. पेट्यांच्या आपसातील जाळ्यात प्रत्येक सेवेला तिच्या नावानेच हाक मारावी लागते. लिला-डॉकरमध्ये हे जुळवून दिलेले आहे. परंतु त्यावरून स्फूर्ती घेऊन स्वतःच्या खेळासाठी अशी मांडणी करणाऱ्याला ही ठेच हटकून लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. कम्पोज फाइलमध्ये 'आधी डेटाबेस, मग प्रणाली' असा क्रम लिहिता येतो. तथापि नुसत्या क्रमाचा अर्थ डेटाबेसची पेटी आधी सुरू करणे एवढाच होतो. तो कामाला तयार झाला की नाही, याची वाट पाहिली जातेच असे नाही. त्यासाठी प्रकृतीची चौकशी करणारी वेगळी ओळ लिहावी लागते. ती नसेल तर कधी सारे चालते, कधी चालत नाही. असे लहरी दोष शोधणे सर्वांत जिकिरीचे असते.

तिसरी गोष्ट माहितीची. पेटी मोडली की तिच्या आत लिहिलेले सारे जाते. म्हणून डेटाबेसची माहिती 'व्हॉल्यूम' नावाच्या वेगळ्या जागी ठेवतात. पेट्या उतरविण्याची साधी आज्ञा व्हॉल्यूमला हात लावीत नाही. तिलाच एक अक्षर जोडले की व्हॉल्यूमही नाहीसे होते, आणि डॉकर त्याबद्दल विचारपूस करीत नाही. खोट्या खेळाडूंच्या डावांचे काही वाटत नाही. आपल्या स्वतःच्या प्रकल्पात महिनाभर जमविलेली माहिती असेल, तर ते एक अक्षर महागात पडते.

विंडोज वापरणाऱ्यांनी आणखी सावध असावे. तेथे हे सारे 'डब्ल्यूएसएल' या लिनक्सच्या अंतर्गत घरातून चालते. आज्ञावली विंडोजच्या डेस्कटॉपवर उतरविली, तर प्रत्येक फाइल दोन घरांमधली भिंत ओलांडून वाचावी लागते आणि मिनिटांचे काम फार लांबते. ती लिनक्सच्या घरातच ठेवावी. विंडोजची ओळ संपविण्याची खूणही लिनक्सहून निराळी असते. ती खूण आज्ञांच्या फायलीत शिरली, की डोळ्यांना काहीही वावगे न दिसता फाइल चालेनाशी होते.

पेटीबाहेर राहिलेले जग

'माझ्या संगणकावर तर चालते' हे प्रोग्रामरांच्या जगातील सर्वांत जुने समर्थन. कंटेनरमुळे ते कायमचे निकालात निघाले, असे कित्येक जण सांगतात. ते पुरते खरे नाही. पेटीत सारे काही भरता येते, प्रोसेसर मात्र भरता येत नाही. मोंगोडीबीच्या पाचव्या आणि त्यापुढील आवृत्त्यांना इंटेल जातीच्या प्रोसेसरमध्ये 'एव्हीएक्स' या सूचनांची सोय लागते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः स्वस्त प्रोसेसर असलेल्यांत, ती नाही. अशा यंत्रावर डेटाबेसची पेटी सुरू होते आणि लगेच बंद पडते. जुने लॅपटॉप विकत घेऊन शिकणारे विद्यार्थी आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांचा दोष काही नसताना तासन् तास ते स्वतःचीच चूक शोधत राहतात. पेटी १३२ हा आकडा टाकून बंद पडली असेल, तर प्रोसेसरला न कळणारी सूचना मिळाली, असा त्याचा अर्थ. मग आज्ञावलीत चूक शोधण्यात हशील नाही.

ॲपलच्या २०२० नंतरच्या संगणकांची कथा वेगळी. त्यांचा प्रोसेसर निराळ्या घराण्यातला आहे. साचा केवळ इंटेलसाठी बनविलेला असेल तर तो नकलेच्या आधारे चालतो, पण रखडत. शिवाय मॅक आणि विंडोज या दोहोंवर लिनक्सचा गाभा मुळात नसतो. म्हणून डॉकर आत गुपचूप एक छोटा आभासी लिनक्स संगणक चालवितो. 'कंटेनर हलका' हे विधान येथे थोडे पातळ होते, आणि आठ गिगाबाइट मेमरीच्या यंत्रावर त्याची झळ लगेच जाणवते.

सुरक्षेची बाबही लक्षात ठेवावी. हे घर केवळ सरावाचे आहे. त्यातील खोट्या खेळाडूंचे परवलीचे शब्द उघड आहेत, म्हणून त्याचे दार महाजालावर उघडू नये. लिनक्सवर डॉकरने उघडलेले दार नेहमीच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जाऊ शकते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्याच लिनक्सवर ज्याला डॉकर वापरण्याची परवानगी मिळते, त्याला जवळजवळ संपूर्ण यंत्राची मालकीच मिळते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये डॉकर बसवू देण्यास प्रशासक नाखूश असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. मूळ वापरकर्त्याचे अधिकार न लागता चालणारे 'पॉडमन' हे साधन अशा ठिकाणी सुचविता येते. मात्र लिला-डॉकरची मांडणी डॉकर गृहीत धरून केलेली असल्याने थोडी जुळवाजुळव करावी लागेल.

डॉकर डेस्कटॉपच्या परवान्याबद्दल विचारणा होते. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने नियम बदलले आणि मोठ्या कंपन्यांना शुल्क लागू केले. वैयक्तिक वापर, शिक्षण आणि ना-नफा मुक्त प्रकल्प यांना ते अजूनही विनामूल्य आहे. लिनक्सवरील डॉकर इंजिन मुक्त परवान्याखालीच आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या शनिवारकडे परत येऊ. यंत्र बरे असेल आणि महाजालाची जोडणी साथ देत असेल, तर दुपारच्या जेवणाआधी त्याच्या पडद्यावर स्वतःचे लिचेस उभे असते. जेवणानंतर तो घड्याळाची ती ओळ शोधू लागतो. मग त्याला कळते की स्काला वाचणे हीच मोठी अडचण आहे, पडद्यावरचा भाग टाइपस्क्रिप्टमध्ये आहे आणि तो तुलनेने सोपा आहे, की ज्याला आपण चूक समजत होतो ती मुद्दाम केलेली सोय आहे. या अडचणी खऱ्या कामाच्या आहेत, आणि त्यांच्यावर घालविलेला वेळ वाया जात नाही. प्रकल्पाच्या यादीतील एखादी लहानशी, नवख्यांसाठी म्हणून नोंदविलेली तक्रार निवडून सुरुवात केली तर सोमवारपर्यंत बदल पाठविता येईल.

ज्यांना यातले काहीच नको, पण हातभार लावायचा आहे, त्यांच्यासाठी लिचेसचे भाषांतराचे दालन स्वतंत्र आहे. त्यात मराठीही आहे. त्यासाठी ब्राउजर पुरतो, डॉकरची एकही पेटी उघडावी लागत नाही.